कडीपाट झाकायला कुणी सांगितलं होतं?

खाली बसा. मोबाइल उलटे ठेवा. ज्युरीला आलेले पाहुणे गेलेत, दार लावून घ्या, म्हणजे मोकळेपणानं बोलता येईल. सभ्य माणसं होती बिचारी. 'प्रेझेंटेशन छान आहे' म्हणाले, चहा घेतला आणि निघाले. प्रेझेंटेशन छान आहे म्हणजे काम आवडलेलं नाही, एवढं तरी तिसऱ्या वर्षात कळायला हवं.

काम काय दिलं होतं तुम्हाला? वाईत, कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावरचा एक वाडा. मालकांना तळमजल्यावर पाहुण्यांची सोय करायचीय. सहा खोल्या, एक जेवणघर आणि बसायला ओसरी. मालकीणबाई तुमच्या देखत म्हणाल्या होत्या, की आलेल्या माणसाला हॉटेलात उतरल्यासारखं वाटू नये. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. त्यांच्या हातची भाकरी आणि ठेचा तर दोन-दोनदा मागून घेतलात.

आणि परत येऊन काय केलंत? हॉटेल.

या भिंतीकडे बघा. सगळी शीट्स ओळीनं लावलीयत. मी तुमचे रोल नंबर झाकले, तर कुठलं कुणाचं हे तुमचं तुम्हालाही सांगता येणार नाही. राखाडी सोफा, पांढरट भिंत, काळ्या सळईचा दिवा आणि कोपऱ्यात ते मोठ्या पानांचं झाड. सगळ्यांच्या कोपऱ्यात एकच झाड! वाईत एवढी परसं पाहिलीत. तुळस दिसली, कर्दळ दिसली, पारिजातक दिसला. हे झाड कुणाच्या दारात दिसलं? ते तुमच्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत दिसलं. 'वाई' हा शब्द खोडा आणि 'गुरुग्राम' लिहा, या शीटवर दुसरं काहीही बदलावं लागणार नाही. ज्या कामावरचं गावाचं नाव बदलून चालतं, ते काम त्या गावासाठी झालेलंच नसतं.

आता मोजमापाचं बोलू, कारण खरं पाप तिथूनच सुरू झालंय. ओसरीच्या खांबांमधलं अंतर किती? सगळ्यांच्या नकाशात आठ फूट. नेमकं आठ फूट, प्रत्येक खणाला. मी गेल्या आठवड्यात टेप घेऊन पुन्हा जाऊन आले. देवघराकडचा खण सात फूट दोन इंच आहे आणि दिंडीसमोरचा नऊला टेकलाय. म्हणजे तुम्ही एक खांब मोजलात, एक खांब काढलात आणि कॉम्प्युटरवर अ‍ॅरे मारून मोकळे झालात. टेप धरायला दोघं लागतात म्हणून तुम्हाला जोडीनं पाठवलं होतं. त्या वेळात तुम्ही घाटावर फोटो काढत होतात, आणि ते फोटो मीही पाहिलेत.

हा दोन फुटांचा फरक तुम्हाला किरकोळ वाटतोय, माहितीय मला. त्या वाड्याचा तोंडवळाच त्या फरकात आहे. बांधणाऱ्यानं दिंडीतून आत येणाऱ्याला चौक मोकळा दिसावा म्हणून समोरचा खण रुंद ठेवला आणि देवघराजवळ आवरता घेतला. तुम्ही सगळे खण सारखे केलेत आणि वाड्याचं मंगल कार्यालय करून टाकलंत. मग वर भिंतीला 'कॅरेक्टर' यावं म्हणून जुन्या विटांच्या चित्राचा वॉलपेपर लावलात. अरे, त्या गिलाव्यामागे खऱ्या विटा आहेत!

कडीपाटाला तर जवळजवळ सगळ्यांनी हात घातलाय. माजघरात डोक्यावर सागाच्या तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या. त्याच्याखाली तुम्ही जिप्समचं पांढरंशुभ्र फॉल्स सीलिंग ओढलंत. मी विचारलं का, तर उत्तर आलं, "मॅडम, वायरी लपवायच्या होत्या." वायरी लपवायला अख्खं छत लपवलंत? जुन्या पद्धतीची बॅटन पट्टी तुळईच्या कडेनं नेली असती, लाकडाच्याच रंगाची, तर वायर दिसून न दिसल्यासारखी झाली असती. जुनिचिरो तानिझाकी या जपानी कादंबरीकाराचा सावल्यांवरचा निबंध वाचायला सांगितला होता. 1933 सालचा आहे, पण त्याची सुरुवातच या रडगाण्यानं होते, की जुन्या धाटणीच्या घरात विजेच्या तारा आणि नळ कुठे लपवायचे. पहिलं पान उलटलं असतंत तरी तुमचाच प्रश्न तुम्हाला भेटला असता. कुणीही उलटलं नाही.

बरं, कडीपाटाचा खरा त्रास काय, ते मालकीणबाईंना विचारलंत? नाही ना? मी विचारलं. फळ्यांच्या फटीतून माती झडते. पाहुण्याच्या ताटात मातीचा कण पडला तर ती तक्रार खरी आहे. तिचा इलाज वरून करायचा असतो. माडीची जमीन उघडायची, फळ्या तपासायच्या, वाळवी लागलेली फळी बदलायची, फटी बुजवायच्या आणि मग पुन्हा जमीन घालायची. कष्टाचं काम आहे. खालून पांढरं छत ओढलं, की माती त्याच्यावर साठत राहते, वाळवी निवांत आपलं काम करते आणि पाच-सात वर्षांनी एक दिवस सगळंच खाली येतं. आठ फुटांच्या माजघराला पावणेसात फुटांचं केलंत ते आणखी वेगळंच. उंच माणूस उभा राहिला तर त्याचा हात पंख्यात जाईल. तुमच्या रेंडरमध्ये उभी असलेली ती गोरी बाई साडेचार फुटांची आहे काय? मी मोजून पाहिली, आहे.

खिडकीजवळ बसलेली जोडी, हसू नका. तुम्ही खांब पांढरे रंगवलेत. म्हणे, जागा उजळ दिसावी म्हणून. ओसरीचा दुसरा खांब आठवतोय? त्याची चौकाकडची बाजू खांद्याच्या उंचीपर्यंत गुळगुळीत आणि काळसर चमकदार आहे, आणि त्या उंचीच्या वर सगळा पूर्वीचा खरबरीतपणा शाबूत आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं टेकून बसलीत. बायका धान्य निवडताना टेकल्या, म्हातारे सुपारी कातरताना टेकले. तेलकट केस, पाठ, हात, सगळ्यांनी मिळून ते पॉलिश केलंय. असं पॉलिश बाजारात डब्यात मिळत नाही. तुम्ही त्याच्यावर ऑइलपेंटचे दोन हात मारायला निघालात आणि शेजारी 'व्हिंटेज फिनिश' म्हणून नवं लाकूड मुद्दाम घासून जुनं करायचं लिहिलंत. खरं जुनं पुसायचं आणि खोटं जुनं विकत आणायचं! मालकाचे पैसे दोन्हीकडून बुडवणारी ही अक्कल तुम्हाला कुणी दिली, ते मला कळलं पाहिजे.

भिंतींचंही तेच. त्या विटा आणि पांढऱ्या मातीच्या भिंती आहेत, वर चुन्याचा गिलावा. त्या पावसाळ्यात ओल घेतात आणि उन्हाळ्यात सोडतात. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक पेंट चढवला की ओलीला बाहेर पडायची वाट बंद होते, ती आतल्या आत वर चढते, मिठं फुलतात आणि रंगाचे पोपडे सुटतात. मग पुढचा डिझायनर येऊन त्यावर लाकडी पॅनेल ठोकतो. हे शिकवून झालंय. दुसऱ्या वर्षाच्या पेपरात हा प्रश्न होता आणि तुमच्यातल्या निम्म्यांनी बरोबर लिहिला होता. परीक्षेपुरतं कळतं आणि साइटवर विसरतं, अशा कळण्याला काय जाळायचंय?

तुमच्या प्रत्येक शीटवर 'वॉर्म' हा शब्द आहे. एकीच्या शीटवर तर मी सात वेळा मोजला. वॉर्म म्हणजे काय केलंत? लाकडाचं चित्र छापलेली व्हिट्रिफाइड टाइल घातलीत. आता जरा शास्त्र ऐका. एका खोलीतलं लाकूड आणि दगड, दोघांचं तापमान एकच असतं. पण दगड तळव्यातली उष्णता लाकडापेक्षा कितीतरी वेगानं ओढून घेतो, म्हणून तो गार लागतो. तुमची टाइल डिसेंबरात पहाटे पाय ठेवला की दगडासारखीच चटका देणार, रंग लाकडाचा असला म्हणून काय झालं? डोळ्याला एक सांगते आणि तळव्याला दुसरं. त्यापेक्षा त्या वाड्यात आहे ती शहाबादी फरशी काय वाईट होती? वाईच्या मे महिन्यात माणूस दुपारी त्याच फरशीवर उघड्या अंगानं आडवा होतो आणि तिलाच दुवा देतो. थंडीसाठी एक घोंगडी अंथरा. घोंगडी कुठे मिळते हे माहीत नसेल तर विचारा. धनगरांच्या महाराष्ट्रात राहता आणि शीटवर 'स्कँडिनेव्हियन थ्रो' लिहिता.

आणि दिवे! सगळीकडे 6500 केल्विनची पट्टी. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरला शोभणारा प्रकाश तुम्ही सागाच्या लाकडावर सोडलात. त्या निळसर उजेडात साग राखाडी दिसतो, माणसाचा चेहरा आजारी दिसतो आणि ताटातलं पिवळं वरण कसं दिसतं ते तर विचारूच नका. 2700 ते 3000 केल्विन आणि सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवायचं माप, 90 च्या वर, हे आकडे पाठ करा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दिवा कुठे लावता ते. ओसरीवर बसणारा माणूस जमिनीलगत बसतो. त्याच्यासाठी दिवा कोनाड्यात हवा, डोळ्यांच्या पातळीच्या खाली. वाड्यात कोनाडे आणि दिवळ्या कशासाठी ठेवल्या होत्या? तुम्ही त्या सगळ्या बुजवल्यात, कारण तिथे टीव्ही बसत नव्हता.

आता न्हाणीघरातली वारली. हे ज्यांनी केलंय त्यांनी मान वर करा. वारली लग्नघरात भिंतीवर चौक लिहितात, सवाशिणी लिहितात, गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं, आणि त्या चौकात पालघाट देवी असते. तो चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणली, जगभर नेली, सरकारनं त्यांना 2011 मध्ये पद्मश्री दिली. आणि तुम्ही तीच चित्रं छापील टाइलवर करून कमोडच्या मागे लावलीत. शिवाय वाई आणि वारलींचं पालघर यांच्यामध्ये किती जिल्हे आहेत ते नकाशात बघा. 'महाराष्ट्रीयन टच' म्हणे. आपल्याच माणसांच्या देवाधर्माला परदेशी पर्यटकाच्या डोळ्यांनी बघायची ही सवय आत्ताच मोडली नाही, तर नंतर मोडायला कुणी येणार नाही.

चित्र भिंतीवर कधी शोभतं? पणजीला जा, कला अकादमीत. इमारत चार्ल्स कोरिया यांची. नाट्यगृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी प्रेक्षक रंगवलेत, नाटक बघायला आलेले, गप्पा मारणारे, वाकून बघणारे. रिकाम्या नाट्यगृहात गेलात तरी माणसं आहेत असं वाटतं. ते चित्र दुसऱ्या कुठल्या भिंतीवर नेलंत तर त्यातली निम्मी गंमत मरेल. भिंतीवर काही लावायचं असेल तर आधी स्वतःला विचारा, हे इथेच का?

एका जोडीनं जेवणघराचा इराणी कॅफे केलाय. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, संगमरवरी टेबलं, आरसे. रेंडर देखणं आहे, नाही म्हणत नाही. पण मी विचारलं, इराण्याकडे ही खुर्ची का होती? दोघं एकमेकांकडे बघत राहिले. व्हिएन्नाच्या थोनेटनं 1859 मध्ये ती घडवली, सहा लाकडी तुकडे आणि मोजके स्क्रू. सुटी करून एका घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या भरता यायच्या. बोटीनं पाठवायला स्वस्त, म्हणून त्या जातीच्या खुर्च्या जगभर गेल्या आणि मुंबईच्या हॉटेलांतही येऊन बसल्या. संगमरवर ओल्या फडक्यानं पुसला की साफ. आरशांनी जागा मोठी दिसते आणि गल्ल्यावरून सगळं हॉटेल दिसतं. क्यानी 1904 सालचं, ब्रिटानिया 1923 सालचं; तिथल्या प्रत्येक वस्तूला धंद्याचं कारण होतं, रुबाब मागाहून आला. तुमच्या जेवणघरात सहा खोल्यांचे दहा-बारा पाहुणे, शेजारीच मालकीणबाईंची चूल, आणि बाई स्वतः वाढणार. तिथे पाट का नाहीत? ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी भिंतीकडेनं एक साधा लांब बाक का नाही? लंडनमध्ये 2010 पासून दिशूम नावाची उपाहारगृहं मुंबईच्या इराण्यांची आठवण जागवतात. तेही उसनंच आहे, पण त्यांनी अभ्यास केलाय. प्रत्येक जागेमागे एक कल्पित गोष्ट रचतात आणि मग दारापासून मोरीपर्यंत ती गोष्ट सोडत नाहीत. नक्कल करायची तर तेवढी तरी मेहनत घ्या.

मघाशी कुणीतरी पुटपुटलं, "मॅडम, बावानंही बाहेरून वस्तू आणल्या होत्या." मोठ्यानं बोलायचं होतंस, चांगला मुद्दा आहे. श्रीलंकेचे वास्तुकार जेफ्री बावा यांनी कोलंबोतल्या त्यांच्या घरात चेट्टिनाडच्या वाड्यांतून निघालेले खांब बसवले, खरं आहे. पण ते घर त्यांनी एका गल्लीतली चार छोटी घरं 1958 पासून एकेक करून घेत, स्वतः तिथे राहत, पाडत, जोडत दहाएक वर्षांत घडवलं. ऊन कुठून येतं, पाऊस कुठे साचतो, कुठे बसलं की बरं वाटतं, हे अंगानं समजल्यावर तो खांब त्या जागी आला. तू वाईत किती वेळ होतास? दुपारी दोनला पोचलास आणि पाचच्या एसटीनं परत. चहासाठी थांबलास ते धरून.

आणि ज्यांना वाटतं की पैशांशिवाय जागेत जीव येत नाही, त्यांनी तिरुवनंतपुरमला जावं. तंपानूरला, स्टेशनच्या जवळ, लॉरी बेकरनं बांधलेलं इंडियन कॉफी हाउस आहे. विटांचा गोल बुरूज, आत फिरत वर चढणारा उतार आणि त्या उताराच्या कडेनं बांधूनच काढलेली टेबलं आणि बाक. भिंतीतल्या जाळीच्या भोकांतून ऊन येतं, वारा येतो. एकही शोभेची वस्तू नाही. डोसा आणि कॉफी घ्यायला येणारा हमाल आणि वकील एकाच उतारावर बसतात. एकदा बसलेला माणूस ती जागा विसरत नाही. सजावटीवर खर्च शून्य! मूडबोर्ड कुठे होता तिथे?

तुमच्यापैकी एकीनं मात्र एक बरं काम केलंय. मागच्या कोपऱ्यातली, तूच. चौकात सकाळी आठला, बाराला, तीनला आणि संध्याकाळी सहाला ऊन कुठवर येतं, ते पेन्सिलीनं काढून आणलंयस. म्हणजे दिवसभर तू तिथे बसली होतीस. त्यावरून तू वाचायची खोली पश्चिमेला घेतलीस आणि निजायच्या खोल्या पूर्वेला, हे योग्य आहे. ज्युरीनं तुझं शीट 'अपूर्ण' म्हणून बाजूला ठेवलं, आणि ते अपूर्ण आहेच. मोरीचा उतार काढलेला नाहीस, दरवाजे कुठल्या बाजूला उघडतात तेही नाही. अक्षर भयंकर आहे. पण या वर्गात वाडा पाहिलेली तू एकटी आहेस. लगेच शेफारू नकोस.

सुतारांशी कोण बोललं? कुणीच नाही. झोपाळा तर सगळ्यांनी टांगलाय. ज्या तुळईला टांगलात ती एका टोकाला कुजलीय, भिंतीत जिथे शिरते तिथे. नखानं दाबलं तरी लाकूड खाली जातं. वाईतला कुठलाही म्हातारा सुतार खालूनच बघून सांगेल. वास्तुकार नारी गांधी हे फ्रँक लॉइड राइटच्या हाताखाली अमेरिकेत शिकून आलेले, आणि इथे येऊन नकाशाशिवाय, साइटवर गवंड्या-सुतारांच्या शेजारी उभं राहून घरं बांधायचे. तुम्हाला नकाशाशिवाय करा असं मी म्हणत नाही, तुमची तेवढी लायकी अजून झालेली नाही. पण मिस्त्रीसमोर दोन तास उभं राहायला लायकी लागत नाही, लाज सोडावी लागते.

आता ऐका. ही सगळी शीट्स काढून घ्या. मार्क कुणालाही मिळणार नाहीत. ऊन मोजणारीला पुढच्या वेळी थोडी सवलत देईन, बस. शनिवारी सकाळी सहाला स्वारगेटवर. टेप, ओळंबा, वही, पेन्सिल आणि टॉर्च. लॅपटॉप आणलात तर गाडीत चढू देणार नाही. दोन दिवस मुक्काम, ओसरीवरच झोपायचं. सोमवारी मला प्रत्येकाकडून हातानं काढलेला एकच छेद हवाय, 1:20 च्या मापात, आणि त्यात जे जे हात न लावता तसंच ठेवणार आहात ते लाल शाईनं. लाल कमी दिसलं, तर का बदललंत त्याचं कारण शेजारी लिहायचं, एका ओळीत, आणि त्या ओळीत 'वॉर्म' हा शब्द वापरायचा नाही.

ज्यांना यायचं नसेल त्यांनी आत्ताच सांगा. मालकीणबाईंना भाकऱ्यांचा आकडा आज कळवायचाय.